भरलं घमेलं

भागीरथाबाई शंभरकर ऑटोत बसल्या की ऑटोवाल्याची पंचाईत होते. धरमपेठेतून जाताना त्या मधूनच बोट दाखवतात. "तो पिवळा बंगला दिसते न, तो माझा. तो दवाखाना हाय, त्याचा तिसरा मजला माझा. कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानाचा स्लॅब माझा." ऑटोवाला आरशातून मागे पाहतो. सुती साडी, पायात रबरी चप्पल, मांडीवर औषधाची थैली. एवढी इस्टेट असून बाई शेअर ऑटोनं फिरते म्हणजे एक तर डोक्यानं गेलेली असावी, नाही तर भलतीच चिंगूस.

तसं काही नाही. बत्तीस वर्षं त्या रेजा होत्या. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावरून माल वाहणारी बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात रेती, गिट्टी नाही तर कालवलेलं सिमेंट, आणि समोर बांबूची शिडी. ज्या इमारतीचा माल त्यांच्या डोक्यावरून गेला, ती इमारत त्यांची, असा त्यांचा सरळ हिशेब. कागदावर भलत्याचंच नाव असेल तर त्याला त्या काय करणार? वाडीच्या रस्त्यावरची गोदामं तर त्यांनी आता मोजायची सोडून दिली आहेत.

पण बत्तीस वर्षांत एक गोष्ट काही झाली नाही. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मालक इंजिनिअरला विचारायचा, इंजिनिअर मिस्त्रीला, मिस्त्री फार तर आकाशाकडे पाहून विचार करायचा. रेजाच्या वाट्याला दोनच शब्द येत, 'आण' आणि 'थांब'. मग गुडघ्यांनी जवाब दिला आणि भागीरथाबाई घरी बसल्या. नंदनवनच्या मागच्या वस्तीत लेक-सून आणि चार वर्षांची नात पिंकी, एवढा त्यांचा संसार. वय त्रेसष्ट. आता कोण कशाला विचारतंय, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता, आणि नेमकं तेव्हाच त्यांना विचारलं गेलं.

झालं असं, की वस्तीत अंगणवाडीची इमारत मंजूर झाली. तोवर अंगणवाडी भरायची ती बापूजींच्या ओसरीत. बापूजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. एका दुपारी दया येऊन त्यांनी ओसरी दिली, आणि तेव्हापासून तीन वर्षं बावीस पोट्ट्यांचा कल्ला ऐकत ते त्या दुपारला कोसत होते. पिंकी त्या बाविसांतलीच, आणि आवाजानं पहिल्या नंबराची. इमारत मंजूर झाल्याचा सगळ्यांत जास्त आनंद बापूजींना झाला, हे सांगायला नकोच.

वरून नवा आदेश होता, की कामावर देखरेख समिती पाहिजे. इंजिनिअर, ठेकेदार आणि वस्तीतले दोन जण, त्यात एक महिला. वस्तीतला पुरुष म्हणजे बापूजी, हे तर ठरलेलंच. महिलेसाठी पाच-सहा घरं फिरून झाली. कुणाला स्वयंपाक होता, कुणाला लाज वाटत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, भागीरथाबाई दिवसभर दारातच बसून असतात, त्यांचं नाव टाका. अशी ही निवड.

पहिली बैठक ओसरीतच झाली. इंजिनिअर होत्या दामिनी मॅडम, वय सव्वीस, काटोलकडच्या, स्कूटीवर येणाऱ्या आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेणाऱ्या. ठेकेदार पियुष सेठ. पांढरा शर्ट, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे बोलणं मोजकं. पण त्या दिवशी तो खर्रा थुंकून आला होता आणि सविस्तर बोलला.

"मॅडम, समिती करा, बोर्ड लावा, फोटो काढा, आपली ना नाही. पण या समितीपायी माझं काम एक दिवस जरी लटकलं, तं मी साहेबाले लेखी देतो. अशा अनाडी लोकायले बसवून कामं होत नसतात म्हणून. मंग ही समिती बंद आणि पुढच्या कामावरची बी बंद."

हे 'अनाडी' म्हणताना त्यानं बापूजींकडे पाहिलं नाही. भागीरथाबाईंना ते कळलं. त्यांनी पदर सारखा केला.

दामिनी मॅडमनी बोर्डाचा मजकूर वाचून दाखवला. कामाचं नाव, मंजुरीचा क्रमांक, काँक्रीटचा दर्जा एम-वीस, मिश्रण एकास दीडास तीन. "समजलं ना सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. बापूजींनी मान हलवली, कारण मुख्याध्यापक समजलं नाही असं म्हणत नसतात.

"मॅडम," भागीरथाबाई म्हणाल्या, "हे दीड काय होय? दीड काय?"

पियुष सेठ हसला. दामिनी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पेन उघडून म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा मावशी. कामावर कसं मोजतात? कसं लिहिलं तर लोकांना कळेल?"

केवढासा प्रश्न. पण बत्तीस वर्षांनी कुणीतरी पेन उघडून भागीरथाबाईंच्या तोंडाकडे पाहत होतं. त्यांनी दोनदा खाकरून घेतलं.

"घमेल्यानं लिहा न. एका बोरी सिमेंटात रेती किती घमेले, गिट्टी किती घमेले. मंग वस्तीतली आंधळी बाई बी मोजते. घमेलं पडते तं आवाज येते न त्याचा."

मॅडमना हे इतकं पटलं, की दुसऱ्याच दिवशी त्या लिटरच्या खुणा असलेली बादली घेऊन हजर. भागीरथाबाईंनी फावडं धरलं, रेतीचं घमेलं भरलं, हातानं वरून सारखं केलं. "भरलं?" मॅडमनी विचारलं. "भरलं," भागीरथाबाई म्हणाल्या. बादलीत ओतलं, तर नऊ लिटर. पुन्हा भरलं, नऊ. तिसऱ्यांदा, तेही नऊ. एक वाटी इकडेतिकडे नाही. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुमचा हात म्हणजे यंत्र आहे. मग बापूजींनी भागाकार केला आणि गोलू पेंटरनं लाल अक्षरांत बोर्ड रंगवला. एक बोरी सिमेंट, सहा घमेले रेती, बारा घमेले गिट्टी. आणि खाली, माहिती: भागीरथाबाई शंभरकर.

त्या दिवशी त्यांनी बोर्डापाशी सात चकरा मारल्या. गुडघ्यांना विचारलं नाही. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या जेमतेम सही शिकल्या होत्या, त्यामुळे त्या बोर्डावर त्यांना झटकन वाचता येत होतं ते एवढंच, त्यांचं नाव. पिंकीला कडेवर घेऊन त्यांनी तेही तिला वाचून दाखवलं. पिंकी म्हणाली, आजी, तू शाळेतली बाई झाली का? भागीरथाबाईंनी नाही म्हटलं नाही.

कॉलम भरायचा दिवस उजाडला तशी वस्तीतल्या बाया खुर्च्या, पाट, बारदान, जे मिळेल ते घेऊन हजर. मांडीवर मेथीची जुडी, तोंडानं मोजणी. दोघी रेतीवर, दोघी गिट्टीवर, एक बोऱ्यांवर. पियुष सेठ वैतागला, पण मजुरांना म्हणाला, "बोर्डावर हाय तेवढंच टाका बे. नाही तं या बाया जेवू देणार नाहीत." आठ कॉलम भरायचे होते. काँक्रीट कालवायचं मशीन सुरू झालं.

भागीरथाबाई मात्र त्या सकाळी वाडीला होत्या. त्यांची मुलगी प्रीती तिथे राहते. तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे गुडघ्यात सुई टोचून घ्यायची तारीख आधीच ठरलेली होती. त्या परतल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि चार कॉलम भरून झाले होते. ऑटोतून उतरतात न उतरतात तोच बाया ओरडल्या, "काकू, बरोब्बर चालू हाय. सहा अन् बारा. एक घमेलं बी इकडचं तिकडं नाही."

भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आजवर त्यांच्या सांगण्यानं एक वीटही हलली नव्हती, आणि इथे अख्खं काम त्यांच्या बोर्डाप्रमाणे चाललेलं. छाती भरून आली. आणि मग त्यांची नजर घमेल्याकडे गेली.

एक मजूर फावड्यानं घमेल्यात रेती लोटत होता. काठापर्यंत आली, तो थांबला नाही. वर शीग लागली, रेती बाजूनं ओघळायला लागली, तेव्हा त्यानं फावडं आवरलं. मग दोघांनी मिळून ते घमेलं उचललं आणि थेट मशीनच्या तोंडात ओतलं.

भागीरथाबाईंनी कमरेवरचे हात काढले.

आता हे नीट समजून घ्यायला पाहिजे. रेजाच्या भाषेत 'भरलं' म्हणजे काठोकाठ नव्हे. भरलं म्हणजे काठाखाली चार बोटं. नवी पोरगी कामावर आली, की जुनी रेजा पहिल्याच दिवशी तिला सांगते, चार बोटं सोडत जाय वं, नाही तं मान जाईन. दिवसातून शे-दीडशे वेळा डोक्यावर घेऊन शिडी चढायची, तर तेवढंच पेलतं. बत्तीस वर्षं भागीरथाबाईंचं भरलं घमेलं ते तेवढं होतं आणि मिस्त्रीही त्याच हिशेबानं माल घालायचे. मॅडमनी 'भरलं?' विचारलं तेव्हा त्या 'भरलं' म्हणाल्या, त्यात कणभर खोटं नव्हतं. पण आता माल डोक्यावरून जात नाही. मशीनला मान नाही आणि गुडघेही नाहीत, त्याच्यासाठी शीग लावून भरतात. म्हणजे मोजणी बरोबर आणि माल चूक. रेती जास्त, गिट्टी जास्त, सिमेंट बिचारं तेवढंच. चारही कॉलम कच्चे. त्यांच्यावर स्लॅब येणार, आणि स्लॅबखाली बसणार पिंकी आणि तिच्यासारखी एकवीस.

हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम मोबाइलवर फोटो काढत होत्या. बाया मोजत होत्या. आणि सिमेंट काही कुणासाठी थांबत नाही. आता कॉलमभोवतीच्या पाट्या खोलल्या तर माल चिखलासारखा खाली येतो, सळाखी धुऊन पुन्हा भरता येतं. दुपार उलटली की घण लागतो. उद्या सकाळी तर कुणी खोला म्हणणार नाही आणि कुणी खोलणार नाही. भागीरथाबाईंच्या हाताशी फार तर एक चहा होईल एवढा वेळ होता.

त्यांनी बापूजींना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बापूजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भागीरथाबाई, माझं ऐका. थोडंफार इकडेतिकडे होतंच. सरकारी कामं काय सगळी पोलादाची असतात? त्या मानानं आपलं बरंच चांगलं आहे. आता तोंड उघडाल तर काम लटकेल, तो पियुष लेखी देईल आणि समिती जाईल. आणि तुमचं नाव बोर्डावर आहे. उद्या वस्ती म्हणेल, बाईला काही येत नव्हतं तर मिरवली कशाला?"

बापूजी वाईट माणूस नाही. त्यांना ओसरी रिकामी हवी होती, एवढंच. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं भागीरथाबाईंना गोड लागलं. त्या क्षणी तरी लागलंच. त्या मटकन विटांच्या थप्पीवर बसल्या. आयुष्यात एकदा कुणी विचारलं, आणि तेच चुकलं. गप्प बसलं तर नाव राहत होतं. बोललं तर नावही जात होतं आणि पियुष सेठच्या हातात आयतं कोलीत मिळत होतं, की पाहा, वस्तीतल्या लोकांना विचारलं की असं होतं. पुढे कुण्या भागीरथेला कुणी विचारणार नव्हतं. त्यांना रडू येत होतं आणि चार बायांसमोर रडायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात मशीनमधून पाचव्या कॉलमचा माल पडला. सिमेंट कमी पडल्यावर होतो तसा पांढरट, भुरका. भागीरथाबाईंनी तो पाहिला आणि त्यांच्यानं बसवेना. असला माल त्यांनी बत्तीस वर्षांत कुणा शेठच्या गोदामालाही वाहिला नव्हता.

त्या उठल्या आणि सरळ दामिनी मॅडमपाशी गेल्या. "मॅडम, मशीन बंद करा."

"का मावशी? काय झालं?"

"चुकलं. या लोकायचं नाही चुकलं. माझं चुकलं."

मशीन थांबलं. भागीरथाबाईंनी फावडं घेतलं, एक घमेलं आपल्या पद्धतीनं भरलं, आणि ते त्या शीग लागलेल्या घमेल्याशेजारी ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात 'भरलं' या शब्दाची सगळी गोष्ट सांगितली. चार बोटांसकट. बायांच्या हातातली मेथी तशीच राहिली. मॅडमनी दोन्ही घमेल्यांकडे पाहिलं, तळहातावर पेनानं आकडे मांडले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी मोजलं होतं," त्या पुटपुटल्या. "मीच विचारलं नाही, की कामावरही असंच भरतात का."

पियुष सेठनं खर्रा थुंकला. म्हणजे आता सविस्तर बोलणार.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का नाही? मी बोर्डावरचं घातलं. मोजून घातलं. या बायाच साक्षीदार हाय. आता लेखी जाते माझं. आजच जाते."

आणि गंमत अशी, की तो बोलत होता ते खरं होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पियुष सेठनं ठरलेलं तंतोतंत पाळलं होतं आणि नेमकी तेव्हाच माती झाली होती. भागीरथाबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या.

उत्तर आलं मागून. जितेंद्र मिस्त्री थापी हातात घेऊन उभा होता. हा पियुष सेठचाच माणूस, कामाचा पक्का, अबोल. असा मिस्त्री सेठला दुसरा मिळत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"सेठ, लेखी द्या. पण त्यात माझं बी टाका," जितेंद्र म्हणाला. "पहिल्या कॉलमालेच मले माल कच्चा दिसला."

"मंग बोलला काहून नाही बे भैताड?"

"मले कोणी इचारलं? बोर्ड लागून होता, खाली समितीचं नाव होतं. मी म्हटलं, मोठ्या लोकायनं ठरवलं असन. आपण कायले मधात बोला?"

पियुष सेठचं लेखी तिथेच गार झालं. आपल्याच मिस्त्रीला माहीत होतं आणि तो गप्प राहिला, हे कोण लिहून देणार? त्यानं नवीन खर्रा उघडला.

पण भागीरथाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या कानात एकच शब्द घुमत होता. मोठे लोक. हा शब्द त्यांनी बत्तीस वर्षं स्वतः वापरला होता. शिडीखाली उभं राहून वर चाललेली चूक डोळ्यांनी दिसायची आणि त्या मनात म्हणायच्या, मोठ्या लोकायनं ठरवलं असन. आणि आज या पोरानं तो शब्द त्यांना लावला होता. बरोबरच लावला होता. घमेलं भरणारी माणसं वीस पावलांवर उभी होती आणि त्यांना विचारायचं भागीरथाबाईंच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मले माफ कर गा," त्या जितेंद्रला म्हणाल्या. तो इतका गडबडला, की त्यानं थापी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्या हातात घेतली.

पाट्या खोलल्या. माल खाली आला. सळाखी पाण्यानं धुतल्या. बायांनी मेथी बाजूला ठेवली आणि नळावरून बादल्या आणून दिल्या. काम एक दिवस लटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डासमोर पुन्हा सगळे जमले. या वेळी घमेलं भरलं जितेंद्रनं, त्याच्या मजुरांनी पाहिलं, आणि भागीरथाबाईंनी त्यांना खोदून खोदून विचारलं, की तुम्ही काय भरता, कसं भरता, कंटाळल्यावर कसं भरता. शेवटी ठरलं, शीग नाही आणि चार बोटंही नाहीत. वरून फळी फिरवायची आणि काठाबरोबर भरायचं. मॅडमनी बादलीनं मोजलं. साडेचार घमेले रेती, नऊ घमेले गिट्टी. बापूजींनी भागाकार दोनदा केला.

गोलू पेंटरनं जुन्या ओळीवर पांढरा रंग मारायला ब्रश उचलला, तर भागीरथाबाईंनी त्याचा हात धरला.

"पुसू नको. नुसती आडवी रेघ मार. अन् बाजूले लिही, चूक. अन् खाली माझं नाव राहू दे."

"काकू, चुकीखाली कोणी नाव टाकते का?"

"बरोबर होतं तवा तं टाकलं होतं न? मंग."

"माझंही टाका त्यात," दामिनी मॅडम म्हणाल्या. गोलू कुरकुरला, की बोर्ड केवढा, नावं किती, पण त्यानं टाकलं. मग नव्या ओळीखाली लिहायला त्यानं विचारलं, माहिती कुणाची? भागीरथाबाईंनी जितेंद्रकडे बोट दाखवलं.

जितेंद्र पुढे आला. बोर्डावर आपलं नाव उमटताना त्यानं पाहिलं, अक्षर अक्षर वाचलं. हात पँटला पुसले. मग घसा साफ करून, भागीरथाबाईंना नव्हे, मॅडमना नव्हे, बोर्डाकडेच पाहत तो म्हणाला, "इचारूनच राहिले तं आणखी एक सांगू का? या कॉलमच्या सळाखीयले ज्या रिंगा बांधल्या न, त्या लांब लांब हाय. नकाशात जवळ हाय. मले तशाच बांधाले सांगितलं होतं."

पियुष सेठला जोराचा ठसका लागला. खर्रा अडकला असावा. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. दामिनी मॅडमनी टेप काढली आणि तिचं एक टोक भागीरथाबाईंच्या हातात दिलं.